नमुना आणि माल

दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या वहीतील पहिली ओळ बाबूजींनी लिहायची, ही आमच्या घरची रीत. आजोबा गेल्यापासून तो मान त्यांचा. कुंकवाचे स्वस्तिक, त्याखाली शुभ-लाभ, मग वीर निर्वाण संवत, मुक्काम दारव्हा आणि शेवटी पेढीचे नाव. २०२४ च्या दिवाळीत त्यांनी स्वस्तिक काढले, शुभ-लाभ लिहिले आणि त्यांचा हात थांबला. "संवत कोणतं रे?" त्यांनी हळूच विचारले. "पंचवीसशे एक्कावन्न, बाबूजी," मी म्हणालो. त्यांनी ते लिहिले. पाच मिनिटांनी वही मिटताना त्यांनी पुन्हा विचारले, "संवत लिहिलं का मी?"

घरात कोणी काही बोलले नाही. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस विसरणारच, असे सौ. रात्री म्हणाली आणि मीही मान हलवली. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. कारण माझी आजी शेवटची सहा वर्षे आपल्या स्वतःच्या घरात 'मला घरी सोडा' म्हणत बसलेली मी पाहिली होती. तिच्या वेळी गावात त्याला 'म्हातारचळ' म्हणत आणि विषय संपवत. आता त्याला नाव आहे, स्मृतिभ्रंश. देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अशा व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या विकाराने ग्रस्त आहेत. नाव कळल्याने भय कमी होत नाही. आजी, मग बाबूजी, मग मी, अशी एक रांग मला अंधारात दिसत राहिली.

बाबूजींच्या स्मरणशक्तीचा आमच्या बाजारपेठेत लौकिक होता. तरुणपणी ते आजोबांबरोबर कापसाच्या व्यापारात होते. बोंडातला कापूस चिमटीत धरायचा, सरकी वेगळी करायची, धागा ओढून त्याची लांबी पाहायची आणि गाडीभर मालाचा भाव सांगायचा, ही विद्या त्यांना आजोबांनी शिकवली. दारव्हा मोतीबाग स्थानकावरून शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या गाठींची मोजदाद ते तोंडी ठेवीत. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, खासगी कापूस व्यापार बसला आणि आमची पेढी तूर आणि नंतर सोयाबीनच्या अडतीकडे वळली. तेव्हाही कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याकडे किती उचल बाकी आहे, हे ते कीर्द न उघडता सांगत. त्याच माणसाने त्या हंगामात एका शेतकऱ्याला एकाच पट्टीचा चुकारा दोनदा दिला. तो भला शेतकरी तिसऱ्या दिवशी पैसे परत घेऊन आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "बाबूजींकडे जरा ध्यान ठेवा."

मी ध्यान ठेवले, म्हणजे काय केले? त्यांच्या हातातून रोकड काढून घेतली. "आता तुम्ही आराम करा," असे म्हणून त्यांना दुकानात येऊ नका सांगितले. आपल्या व्यापारी घरांत आपण वडीलधाऱ्यांची सेवा म्हणून जे करतो, तेच मी केले. त्याचा परिणाम काय झाला, ते पुढे सांगेन.

२०२५ च्या चातुर्मासात मुंबईच्या एका नातेवाइकाने मला एक माहितीपत्रक पाठवले. एका महानगरातील उपचार केंद्राचे ते पत्रक होते. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, शरीरात सोडल्या की मेंदूचे वृद्धत्व थांबते, नव्हे उलटते, असे त्यात लिहिले होते. दूरध्वनीवर बोलणारी व्यक्ती अत्यंत विनयशील होती. तिने बाबूजींची हकीकत ऐकली आणि मग माझे वय विचारले. मी अठ्ठावन्न म्हणालो. ती म्हणाली, "वडिलांसाठी उपचार आणि तुमच्यासाठी संरक्षण. आजाराच्या आधीच पेशी घेतल्या तर आजार येतच नाही." दोघांचे मिळून साडेसात लाख रुपये. मी कोणताही सौदा दोन दिवस विचार केल्याशिवाय करत नाही. पण त्या दिवशी आजीची ती रांग माझ्या डोळ्यांपुढे होती. मी पंचवीस हजार रुपये आगाऊ पाठवले आणि मुदत ठेव मोडण्यासाठी बँकेत अर्ज दिला.

संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर बाबूजींना मी हे सांगितले. त्यांचा तो दिवस चांगला होता. त्यांनी सर्व शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "या पेशी वाढवतात कशावर? त्या खातात काय?"

मला उत्तर माहीत नव्हते. केंद्राला विचारले, तर "सर्व काही शुद्ध शाकाहारी आहे, सर" असे उत्तर आले. लेखी द्या म्हटल्यावर उत्तर येणे बंद झाले. मग मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भाचीला विचारले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, प्रयोगशाळेत पेशी वाढवायला पोषक द्रव लागतो. त्यात बहुतेक ठिकाणी वासराच्या गर्भाच्या रक्तातील द्रव घालतात. कत्तलखान्यात गाभण गाय कापली जाते, तेव्हा पोटातल्या वासराच्या रक्तापासून तो काढतात. माणसाच्या रक्तातील बिंबाणूंपासून केलेले किंवा प्राणिज घटक नसलेले पर्यायही आहेत. पण ते वापरले आहेत का, हे विचारल्याशिवाय कळत नाही."

हे ऐकून घरात जी शांतता पसरली, ती वाचकांना सांगायला नको. बाबूजी एवढेच म्हणाले, "ज्याला मालाचं मूळ सांगता येत नाही, त्याच्या मालाचं वजन तरी खरं कशावरून?" ज्या माणसाला आदल्या दिवशीचे जेवण आठवत नव्हते, त्याला व्यापाराचा पहिला धडा आठवत होता आणि मला त्याचा विसर पडला होता. त्या दिवसापासून मी चौकशीला लागलो. भाचीने मला वाचायला दिले, समजावून सांगितले. जे समजले ते व्यापाऱ्याच्या भाषेत येथे मांडतो.

पहिली गोष्ट, मूलपेशी हे थोतांड नाही. आपल्या हाडांच्या मज्जेत रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात आणि त्या जन्मभर नवे रक्त घडवत राहतात. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. ते मूलपेशींचेच प्रत्यारोपण. आपल्या विदर्भात अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या छळणारा सिकलसेलचा विकारही जुळणाऱ्या भावा-बहिणीची मज्जा मिळाली तर बरा होऊ शकतो. हा खरा, पारखलेला माल आहे. अडचण ही की याच्या नावावर दुसरा माल विकला जातो.

रक्त आणि मेंदू यांत फरक काय? रक्तपेशी सुट्या धान्यासारख्या असतात. जुने पोते रिकामे झाले तर नवे भरता येते. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि आठवण एकेका पेशीत नव्हे, तर त्यांच्या परस्परांशी असलेल्या जोडणीत राहते. भाचीला मी म्हणालो, "म्हणजे पेढीवरचा चाळीस वर्षांचा मुनीम गेला आणि त्याच्या गादीवर हुशार तरुण आणून बसवला, तर गादी भरते, पण मुनिमाच्या डोक्यातली खाती काही परत येत नाहीत." ती हसून म्हणाली, "अगदी तेच." शिवाय शिरेतून सोडलेल्या पेशी मेंदूपर्यंत पोहोचतात असेही नाही. त्यांतील बऱ्याचशा आधी फुप्फुसांतच अडकतात. मेंदूभोवती रक्तातील पदार्थ सहजासहजी आत जाऊ न देणारा पहारा असतो, तो वेगळाच.

तरीही आशेला जागा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेण्याची रीत दाखवली. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळाले. या रीतीमुळे गर्भापासून पेशी घेण्याची गरज उरली नाही, ही अहिंसेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. याच रीतीने केलेल्या पेशी क्योतो येथील डॉक्टरांनी कंपवाताच्या सात रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने ठेवल्या. दोन वर्षांच्या निरीक्षणानंतर त्यांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये आला. गंभीर अपाय झाला नाही आणि काही रुग्णांच्या हालचालींत सुधारणा दिसली. परंतु कंपवातात मेंदूच्या एका ठरावीक भागातील एका ठरावीक प्रकारच्या पेशी मरतात. स्मृतिभ्रंशात झीज सर्वदूर पसरलेली असते. अल्झायमरच्या सौम्य अवस्थेतील ४९ रुग्णांवर अमेरिकेत दात्यांच्या मूलपेशींची चाचणी झाली. तो अहवालही २०२५ चा. उपचार सुरक्षित दिसला, घसरण मंदावल्याच्या काही खुणाही दिसल्या. पण ४९ माणसांवरून गुण सिद्ध होत नाही, मोठी चाचणी करावी एवढेच ठरते.

आता त्या माहितीपत्रकाविषयी. त्यात माकडांची छायाचित्रे होती आणि 'वृद्धत्व उलटले' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ते संशोधन खरे आहे. चीनमधील शास्त्रज्ञांनी २०२५ च्या जूनमध्ये ते प्रसिद्ध केले. वृद्ध माकडांना ४४ आठवडे दर पंधरवड्याला विशिष्ट मानवी पेशी दिल्या गेल्या. त्यांच्या मेंदूसह अनेक अवयवांत वृद्धत्वाच्या खुणा कमी झाल्या आणि स्मरणाच्या परीक्षेतही ती माकडे सरस ठरली. मग खोटे काय? त्या पेशी साध्या नव्हत्या. झीज आणि ताण सहन करता यावा म्हणून त्यांच्या एका जनुकात मुद्दाम बदल केलेला होता. केंद्र मला देणार होते त्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या साध्या पेशी. आमच्या बाजारात याला नाव आहे, नमुना एक आणि माल दुसरा. अशी पोती यार्डात आली असती तर मी वजनकाट्यावरूनच परत पाठवली असती. येथे मात्र मी नमुना पाहून साडेसात लाखांचा सौदा केला होता. आणि तो नमुनादेखील माकडांचा होता, माणसांचा नव्हे.

कोणी म्हणेल, गुण नाही आला तर नाही आला, अपाय तर होत नाही ना? होतो. अमेरिकेतील फ्लोरिडात तीन वृद्ध महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतील पेशी पैसे घेऊन टोचल्या गेल्या आणि त्यांची दृष्टी गेली. हे प्रकरण २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका दुर्मिळ विकाराच्या इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भातील पेशी दिल्या गेल्या होत्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी झाल्या आणि त्या गाठी परक्या पेशींच्या निघाल्या. २००९ मध्ये डॉक्टरांनी ते जाहीर केले. जी पेशी वाढू शकते, ती नको तिथेही वाढू शकते.

आपल्या देशाचा नियमही स्पष्ट आहे, मला तो ठाऊक नव्हता एवढेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्ताच्या विकारांसारख्या मान्य आजारांसाठी रक्त घडवणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा अन्य कोणताही वापर हा केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, असे त्यांत म्हटले आहे. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात. चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत असते आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. २०१९ च्या नव्या औषध नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी ती चाचणी करणाऱ्यांवर येते. मी केंद्राला नोंदणी क्रमांक विचारला. तो आला नाही. मी सौदा मोडला. माझे पंचवीस हजार रुपयेही परत आले नाहीत. ती रक्कम मी खर्चाच्या रकान्यात 'शिकवणी' म्हणून लिहिली. घरात बाळ जन्मले की नाळेचे रक्त खासगी पेढीत साठवण्याचा आग्रह करणारेही आता आपल्या घरी येतात. याच तत्त्वांत त्या साठवणुकीला शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे, हे नातवंडे होऊ घातलेल्यांनी लक्षात ठेवावे.

सौदा मोडला, पण बाबूजींचे काय, हा प्रश्न उरलाच. भाची म्हणाली, "मामा, इतके पैसे द्यायला निघालात, पण आजोबांना आजवर कोणत्या डॉक्टरांनी नीट तपासलं का?" मी निरुत्तर झालो. मधुमेहाची चिठ्ठी वर्षानुवर्षे तीच होती, औषधे माणूस पाठवून येत होती. स्मरणासाठी त्यांना कोणालाही दाखवले नव्हते. कारण दाखवले तर ते नाव पक्के होईल, ही भीती माझी होती, त्यांची नव्हती.

यवतमाळच्या एका फिजिशियन डॉक्टरांकडे आम्ही गेलो. त्यांनी बाबूजींना तासभर दिला. त्यांनी सर्व गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली, पायांना मुंग्या येतात का विचारले, चालवून पाहिले, कानाशी कुजबुजून पाहिले. रक्ताच्या तपासणीत ब जीवनसत्त्वाचा बारावा प्रकार, ज्याला आपण बी-ट्वेल्व्ह म्हणतो, अत्यंत कमी निघाला. डॉक्टर म्हणाले, "बाबूजी शुद्ध शाकाहारी, दूध एक कप, तेही चहातलं. बारा वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन, रोजची पित्ताची गोळी. दोन्हींमुळे हे जीवनसत्त्व कमी होतं. त्यात झोपेची गोळी, तीही कोणी लिहून न दिलेली. आणि तुम्ही म्हणता ते विसरतात, पण निम्मं तर त्यांना ऐकूच येत नाही."

हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि ते अन्नात मुख्यतः प्राणिज पदार्थांतून येते. धान्य, डाळी, भाजी यांत ते जवळजवळ नसतेच. दूध-दह्यातून थोडे मिळते. ते कमी पडले की केवळ अशक्तपणा येतो असे नाही, तर मज्जातंतू आणि स्मरण यांवर परिणाम होतो, कधी कधी रक्त कमी झालेले नसतानाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. हे आकडे वाचून मला वाटले, हे तर आपल्याच घरांचे वर्णन आहे. आपला आहार सोडण्याचा येथे प्रश्नच नाही. हे औषध जिवाणूंच्या साहाय्याने किण्वनाने तयार होते. गोळी, चघळायची गोळी किंवा इंजेक्शन मिळते. कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन असू शकते, तेवढे विचारून घ्यावे. मात्र ज्याला कमतरता नाही त्याच्या मेंदूला जास्तीचे बी-ट्वेल्व्ह घेऊन तेज चढत नाही, हेही डॉक्टरांनी बजावले.

इंजेक्शनांचा क्रम सुरू झाला. त्यांचा सारा खर्च एक हजार रुपयांच्या आत बसला. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. कानाला यंत्र आले. पहिले आठ दिवस बाबूजींनी ते उशीखाली ठेवले, नववा दिवस नातीने हट्टाने घालायला लावला. सहा आठवड्यांनी पायांच्या मुंग्या कमी झाल्या. टीव्हीचा आवाज उतरला. मंदिरातून आल्यावर प्रवचनात काय झाले ते सांगू लागले. सर्व काही परत आले असे मी म्हणणार नाही. नागपूरच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी मेंदूची तपासणी पाहून स्पष्ट सांगितले की विस्मृतीच्या विकाराची सुरुवात आहेच. जे दुरुस्त होण्यासारखे होते ते झाले, उरलेले सांभाळायचे आहे. त्या दिवशी परतताना मला वाईट वाटले, पण भय वाटले नाही. बाकी किती आहे ते कळले की माणूस हिशेब मांडू शकतो.

मी डॉक्टरांना माझ्याविषयीही विचारले. "संरक्षण काही आहे का?" ते म्हणाले, "आहे, पण ते विकायला कोणी तुम्हाला फोन करणार नाही." मग त्यांनी लॅन्सेट नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाचा २०२४ चा अहवाल समजावून सांगितला. त्यात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी चौदा कारणे दिली आहेत: कमी शिक्षण, ऐकू न येणे, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, मद्यपान, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण आणि उपचार न केलेली दृष्टीची अडचण. ही सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा आयोगाचा अंदाज आहे. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० जणांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये आला. आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेवर नजर, हे सर्व एकत्र केलेल्यांची बुद्धी दोन वर्षांनी इतरांपेक्षा सरस राहिली. कानाच्या यंत्रांवरील अमेरिकेतील २०२३ च्या अभ्यासात सर्व मिळून फरक दिसला नाही, परंतु ज्यांना मुळातच धोका अधिक होता त्यांची घसरण तीन वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावली.

ती चौदा कारणे मी वहीत लिहून काढली आणि आपल्या व्यापारी जीवनाशी ताडून पाहिली. मद्य आणि धूम्रपान यांपासून आपल्या घरांना संस्कारांनी बव्हंशी वाचवले आहे. पण दिवसभर गादीवर बसणे, रक्तदाबाची गोळी आठवेल तेव्हा घेणे, लग्नसराईत गोडधोड आणि फरसाण, 'ऐकायला थोडं कमी येतं, पण यंत्र नको, लोक काय म्हणतील' हे सारे आपलेच. माझा रक्तदाब दोन वर्षे वाढलेला होता. मी तो वयाच्या नावावर सोडून दिला होता. साडेतीन लाखांचे संरक्षण घ्यायला निघालेला माणूस रोजची गोळी घेत नव्हता.

आणि एकाकीपणा. तो शब्द लिहिताना माझा हात थांबला. ज्या माणसाला साठ वर्षे सकाळी शंभर माणसे 'जय जिनेंद्र' आणि 'रामराम' करीत होती, त्याला मी आराम या नावाखाली एका खोलीत टीव्हीसमोर बसवले होते. त्यांची घसरण त्या महिन्यांतच वेगाने झाली, असे सौ. मला तेव्हाच सांगत होती. मी ऐकले नव्हते. कान माझेही गेले होते म्हणायचे.

आता बाबूजी रोज दोन तास दुकानात येतात. रोकड त्यांच्याकडे नाही, पण तुरीचा नमुना आधी त्यांच्या तळहातावर जातो. दाणा दाताखाली धरून ओल किती ते सांगतात आणि यंत्राचा आकडा फारसा वेगळा येत नाही. शेतकरी त्यांच्याजवळ बसतात. काही गोष्टी ते दोनदा सांगतात, लोक दोनदा ऐकतात. संध्याकाळी नातीला ते स्तोत्र पाठ करून घेतात. ती अडली तर ते सांगतात, ते अडले तर ती सांगते.

नमुना पाहून सौदा करू नये, पोते फोडून पाहावे, हे आपण धान्याबाबत कधी विसरत नाही. मनात भीती असली की आशेच्या बाबतीत मात्र विसरतो. मूलपेशींचे शास्त्र उद्या कदाचित मेंदूलाही उपयोगी पडेल. पडावे, हीच इच्छा. तो दिवस येईपर्यंत कोणी आपल्याला हा माल देऊ केला तर नोंदणी क्रमांक विचारावा, पैसे का घेता ते विचारावे, पेशी कोणाच्या आणि कशावर वाढवल्या ते लेखी मागावे. त्याआधी घरातील वृद्धांना घेऊन साध्या डॉक्टरांकडे जावे आणि गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी.

२०२५ च्या दिवाळीला वही पुन्हा बाबूजींपुढे आली. स्वस्तिक काढले, शुभ-लाभ लिहिले आणि हात थांबला. आम्ही सर्वजण श्वास रोखून उभे होतो. त्यांनी नातीकडे पाहिले. तिने ओठ मिटून घेतले. तिला सांगायचे नव्हते, त्यांनी आठवावे असे वाटत होते. थोडा वेळ गेला. "पंचवीसशे बावन्न," ते म्हणाले आणि त्यांनी लिहिले. मग वर पाहून विचारले, "शकुंतला आज वेळेवर आली का?"

गाडी केव्हाच बंद झाली आहे. मी म्हणालो, "आली, बाबूजी." आणि वही मिटली.